दारं लावण्याआधी घरातली ओल बाहेर काढा

मा. संपादक,
स. न.

दिवाळी सरली की विदर्भातल्या वर्तमानपत्रांत पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागतात. नागपूर इतकं, गोंदिया इतकं, चिखलदरा इतकं, आणि शेजारच्या चौकटीत सल्ला: उबदार कपडे घाला, गरम पाणी प्या, हीटर लावून झोपू नका. चिखलदऱ्याचा आकडा छापला जातो खरा, पण मेळघाटातल्या डोंगरावर शेतात किंवा आडबाजूच्या वस्तीत ज्यांचं घर आहे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे हीटर लावायला खांबावरची वीजच नसते. दिवा सोलरवर, पाणी झिऱ्याचं किंवा नळीनं उतरवून आणलेलं, ऊब चुलीची. अशा घरांची हिवाळ्याची तयारी कशी करावी, हे कुठे छापून येत नाही. म्हणून हे पत्र जरा लांबलं आहे.

आमचं म्हणणं थोडक्यात असं, की या घरांना हिवाळ्यात जो त्रास होतो त्यात थंडीचा वाटा कमी आणि ओलीचा जास्त. चार महिने माथ्यावर पाऊस आणि धुकं असतं. भिंती, सरपण, गोधड्या, धान्य, बॅटरीची टोकं, सगळ्यांत ओल मुरते. मग एक दिवस गार वारा सुटतो, माणसं दारं-खिडक्या लावतात, फटीत चिंध्या कोंबतात, आणि पावसाळा घरातच कोंडला जातो. पुढे दोन महिने धूर, पहाटे टपकणारा टिन, लवकर विझणारे दिवे आणि खोकला. दिवाळी ते कार्तिक पौर्णिमा या पंधरवड्यात ऊन कडक असतं, हवा कोरडी असते आणि रात्री अजून सोसण्यासारख्या असतात. काम उरकायचं ते याच दिवसांत.

थंडी कुठे जास्त पडते, याबद्दलही एक गैरसमज आहे. चिखलदरा ११०० मीटर उंचीवर, म्हणून तिथेच सगळ्यांत गारठा, असं सगळे धरून चालतात. दिवसा ते खरं आहे. पण वारा पडलेल्या, निरभ्र रात्री गार हवा जड होऊन उताराने खाली सरकते आणि सिपना, खापरा, गडगा या नद्यांच्या खोऱ्यांत साचते. पहाटे माथ्यापेक्षा नाल्याकाठचं घर जास्त गारठलेलं सापडतं. तिथे ऊनही तास-दीड तास उशिरा पोचतं. जागा निवडायला वाव असेल, तर नाल्याच्या पात्रापासून थोडं वर, उताराच्या मध्यावर आणि दक्षिणेकडे तोंड करून घर बांधावं. बांधून झालेल्या घराला निदान वरच्या अंगाला कुंपणाची दाट रांग ठेवून वरून उतरणारा गारवा अडवता येतो. घराच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या बाजूने, मात्र अशी दाट रांग लावू नये. खालची वाट मोकळी सोडली नाही, तर उतरणारी गार हवा घराभोवतीच तुंबते.

आता छप्पर. कवेलूंच्या घरात पावसाळाभर वांदरांनी घातलेला धिंगाणा आत्ताच निस्तरावा. कवेलू उन्हाळ्याच्या शेवटी फेरायची ही रीत ठीकच आहे, पण हिवाळ्यात एखादा अवकाळी आला तर वाळवून ठेवलेलं सगळं एका रात्रीत भिजतं. टिनाचं दुखणं वेगळं आहे. आभाळ स्वच्छ असलं की टिनातली उष्णता रात्री थेट आकाशाकडे निघून जाते आणि पहाटे टिन बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. आत पाच माणसं झोपलेली असतात. त्यांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात लिटरभर पाणी हवेत जातं. चुलीवर हंडा असेल तर वाफ आणखी. ती वर जाऊन टिनाला लागते आणि थेंब होऊन अंथरुणावर पडते. लोकांना वाटतं टिन गळतोय. सकाळी वर चढून स्क्रूंना डांबर फासतात, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. ओळखायची खूण सोपी आहे. थेंब पहाटेच पडत असतील, आणि स्क्रूच्या जागी न पडता पन्हळीने ओघळत येऊन आडव्या बल्लीपाशी पडत असतील, तर ते दव आहे, गळती नाही.

उपाय तट्ट्याचा. टिनाखाली वीतभर जागा सोडून बांबूचा तट्टा बांधायचा. आधी तो जमिनीवर पसरून एका बाजूने माती, शेण आणि कुटार (भुसा) यांचा पातळ थर द्यायचा, अर्ध्या बोटापेक्षा जाड नको. चार-पाच दिवस कडक उन्हात वाळला की लिंपलेली बाजू वर ठेवून तारेनं बल्ल्यांना आवळायचा. न वाळलेला तट्टा चढवला तर मधोमध झोळ येतो आणि लिंपण गळून पडतं. टिन आणि तट्टा यांच्यामधली पोकळी दोन्ही टोकांना उघडी ठेवायची, म्हणजे वाफ निघून जाते. उघड्या तोंडांना अर्ध्या इंचाची जाळी मात्र ठोकायलाच हवी. नाहीतर वर उंदीर येतात, आणि उंदरामागे जे येतं ते कुणालाच नको असतं. काही जण टिनाला चिकटून प्लास्टिकची ताडपत्री ताणतात. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत वाईट उपाय हाच. पाणी ताडपत्रीवर साचतं, बल्ल्या कुजतात आणि झोळ फाटला की बादलीभर पाणी एकदम अंगावर येतं.

भिंतींना पावसाने भेगा पडलेल्या असतात. कुडाच्या भिंतीची दुरुस्ती मातीनेच करावी. चाळलेली माती चार भाग आणि ताजं शेण एक भाग, त्यात ओंजळभर बारीक कुटार, सगळं दोन दिवस भिजवून, पायांनी तुडवून घ्यायचं. भेगेत भरण्याआधी ती झाडून पाण्याने ओली करायची. कोरड्या भेगेत लिंपण धरत नाही, वाळताना सुटतं. भरल्यावर पहिल्या दिवशी सावलीत सुकू द्यावं, लगेच ऊन लागलं तर पुन्हा तडकतं. हे दर वर्षी करायचा कंटाळा म्हणून आजकाल कुडावर सिमेंटचा गिलावा करतात. दिसायला झकास, पण माती ओलीने फुगते-आकसते, सिमेंट तसं करत नाही. जमिनीतून चढणारी ओल आत अडकते, आतला बांबू कुजतो, वाळवी लागते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. सिमेंट वापरायचंच असेल तर ते जोत्याला वापरा, भिंतीला नको.

आता धूर आणि निखारे यांच्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चुकलं तर माणूस जातो. गॅसचा सिलिंडर बऱ्याच घरांत आला आहे, पण सिलिंडर ऊब देत नाही. थंडी पडली की घर पुन्हा चुलीभोवती गोळा होतं. धूर डोळ्यांना झोंबतो, त्यामुळे माणूस सावध असतो, झडप उघडतो. धोका खरा असतो तो धूर संपल्यावर. लाल निखाऱ्यांतून धूर येत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवतं, म्हणून हवेत तो थोडा असला तरी पुरेसा असतो. राखेखाली दाबून ठेवलेले निखारेही रात्रभर तो सोडत राहतात. राख टाकली म्हणजे शेगडी विझली, हा समज जीवावर बेततो.

मग आजी-आजोबांच्या काळी शेगडी घरात ठेवून लोक झोपत, तेव्हा काय होत होतं? ते घर फटींचं होतं. नळीच्या कवेलूंमधून, कुडाच्या वरच्या मोकळ्या पट्टीतून, फळ्यांच्या दारातून हवा सारखी ये-जा करत होती. घर गार राहायचं, पण माणसं जगायची. आज त्याच जागी टिन किंवा स्लॅब, सिमेंटच्या भिंती, लोखंडी दार, फटीत प्लास्टिक. सवय जुनी आणि घर नवं, यात घात आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर आहे, तेही स्वयंपाकाच्या जागेसह. एवढ्या बंद जागेत एक घमेलं निखारे फार झाले.

म्हणून पक्क्या घरात वळचणीखाली समोरासमोरच्या दोन भिंतींना एक फूट बाय अर्ध्या फुटाची भोकं ठेवावीत, जाळी लावून, आणि ती हिवाळ्यात बुजवू नयेत. आपल्याकडे गार वारा उत्तर-ईशान्येकडून येतो. उत्तरेकडच्या भोकाला बाहेरून तिरपी फळी लावली की वारा अंगावर येत नाही, पण हवा चालू राहते. आणि भोकं असोत नसोत, झोपण्याआधी निखारे घराबाहेर. रात्री दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, मळमळलं, हातापायांतलं बळ गेल्यासारखं झालं, तर ते पित्त किंवा ताप समजू नका. आधी दार उघडून सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा, मग शेगडी बाहेर फेका. बेशुद्ध पडलेल्याला घाटाखालच्या दवाखान्यात न्यावंच लागतं, कारण ऑक्सिजनशिवाय तिथे दुसरं औषध नाही.

निखाऱ्यांऐवजी पायथ्याशी विटा ठेवा. संध्याकाळच्या चुलीशेजारी दोन पक्क्या विटा तास-दीड तास तापवायच्या, गोणपाटाच्या दुहेरी घडीत गुंडाळून गोधडीत सरकवायच्या. मध्यरात्रीपर्यंत ऊब टिकते. नाल्यातला गोटा मात्र तापवायला घेऊ नये. त्याच्या पोटात पाणी असतं आणि तो फुटतो तेव्हा कपच्या उडतात.

चुलीला धुराडं असेल तर चार इंच व्यासाचा पाइप कवेलूंच्या किंवा टिनाच्या वर निदान दोन फूट निघालेला हवा, नाहीतर वारा धूर उलटा आत ढकलतो. पाइप छपरातून जातो तिथे लाकूड, गवत, तट्टा यांपासून वीतभर अंतर ठेवून मधे टिनाचा पत्रा द्यावा. काजळी पंधरा दिवसांतून एकदा बांबूला पोतं बांधून झाडावी. ओलं लाकूड जाळणाऱ्या घरात ती आठवड्यालाच झाडावी लागते, कारण तिथे काजळी चिकट डांबरासारखी जमते आणि एखाद्या दिवशी पाइपातच पेट घेते.

ओल्या लाकडाचा हिशेब एकदा मांडून बघावा. वीस लिटर पाणी १५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला साध्या चुलीवर कोरडं लाकूड सव्वा किलोच्या आसपास लागतं. तेच लाकूड पावसात भिजलेलं असेल तर दोन ते अडीच किलो. बरीचशी आग लाकडातलं पाणी उकळवण्यातच खर्च होते. जंगलातून डोक्यावर आणलेल्या मोळीतली निम्मी अशी वाया जाते, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत सरपण आणण्यावर आधीच बंधनं. कोरडं लाकूड ओळखायचं तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टणक, ठणठणीत आवाज आला तर चालेल, बद्द आवाज आला तर नाही. टोकांना चिरा गेलेल्या दिसतात आणि साल नखाने सुटते. रचताना खाली दोन दगडांवर आडव्या बल्ल्या टाकून जमिनीपासून वीतभर वर रचावं, जाड ओंडके फोडून, डोक्यावर टिन, बाजू उघड्या. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळलेली रास वाळत नाही, सडते. ही रास घराच्या भिंतीला टेकवू नये, दोन-तीन फूट अंतर असावं. थंडीत साप-विंचू सरपणात आणि गोवऱ्यांत आसरा घेतात. काढताना हात घालू नका, काठीने हलवून वरची काढा. धावडा आणि बाभूळ सावकाश जळतात आणि निखारा चांगला धरतात. सालई भडकते आणि संपते. पऱ्हाटी-तुराटी पेटवण्यापुरती ठीक.

आता सोलर. सगळ्यांत जास्त तक्रारी याच्या येतात, आणि त्यातल्या बहुतेक ‘थंडीत बॅटरी उतरते’ अशा असतात. थंडीत ट्युब्युलर बॅटरीची क्षमता थोडी कमी होते हे खरं. १० अंशांवर दहा-पंधरा टक्क्यांनी. पण बिघाड झालेला असतो पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर ढगांमुळे बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, अर्धीमुर्धी भरून रोज रिकामी होते, आणि प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उन्हात तो थर काढता येतो. त्यासाठी तीन-चार दिवस टीव्ही बंद, एकच दिवा. त्या दिवसांत बॅटरी काठोकाठ भरू द्यायची. मग हायड्रोमीटरने बॅटरीच्या सहाही घरांची, म्हणजे सेलची, ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता) बघायची. आपल्याकडच्या ट्युब्युलर बॅटरीत पूर्ण भरल्यावर १.२४० यायला हवी, २७ अंश तापमानाला. बॅटरी दहा अंशांनी गार असेल तर वाचन ०.००७ ने जास्त दाखवतं, तेवढं वजा करावं. एखादं घर बाकीच्यांपेक्षा ०.०३० ने मागे असेल तर कंट्रोलरवर (पॅनल आणि बॅटरी यांच्यामधला चार्जिंग सांभाळणारा डबा) समतोल चार्ज, म्हणजे मागे पडलेल्या घराला बाकीच्यांबरोबर आणणारा जादा चार्ज, असल्यास तो द्यावा, १५ व्होल्टच्या आसपास दोन-तीन तास. सीलबंद बॅटरीला हे कधीच करायचं नाही. मीटर लावून बघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. १.२४० ग्रॅव्हिटीची बॅटरी दोन तास विसावल्यावर १२.५ व्होल्टच्या आसपासच दाखवते. गाडीच्या बॅटरीचे १२.७ इथे शोधू नयेत. चांगली बॅटरी खराब ठरवून विकली जाते ती अशीच.

पाणी डिस्टिल्डच हवं. झिऱ्याचं, हातपंपाचं, पावसाचं धरलेलं, आरओचं, यांपैकी कुठलंच चालत नाही. आपल्या काळ्या दगडातून येणाऱ्या पाण्यात क्षार असतात आणि ते प्लेटा खातात. पाणी भरायचं ते बॅटरी भरल्यानंतर; आधी भरलं तर चार्ज होताना फुगून बाहेर येतं आणि सोबत ॲसिडही आणतं. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच घालावं. ॲसिड वरून कधीही घालू नये. टोकांवर हिरवट-पांढरा थर आला असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासायचं, झाकणातून आत थेंब जाऊ द्यायचा नाही, कोरडं करून आवळायचं आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावून मग वायर बसवली तर जोड नीट लागत नाही. वायर सोडताना क्रम चुकवू नका. कंट्रोलरवरून पॅनलची वायर आधी काढायची, बॅटरीची नंतर. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. उलट केल्यावर कंट्रोलर जळालेले बरेच सापडतात.

स्वस्त कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर नसतो. बॅटरी २५ ऐवजी १५ अंशांवर असेल, तर तिला पूर्ण भरायला जवळपास ०.२ व्होल्ट जास्त लागतात. सेटिंग बदलता येत असेल तर १४.४ चं १४.६ करावं आणि होळीच्या सुमारास परत खाली आणावं. बॅटरीला ऊब मिळावी म्हणून ती चुलीच्या खोलीत नेतात, ते अजिबात करू नये. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि एका ठिणगीने तो पेटतो. ओसरीच्या कोपऱ्यात, फळीवर, भोकं असलेल्या पेटीत ठेवावी. (जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते, हे आजच्या प्लास्टिकच्या डब्याला लागू नाही. फळी आहे ती ओलीसाठी आणि सफाईसाठी.)

पॅनलचं काम दहा मिनिटांचं. चिखलदरा साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, डिसेंबरात दुपारी सूर्य जेमतेम ४५ अंश वर येतो. वर्षभर २१ अंशांवर बसवलेलं पॅनल हिवाळ्यात ३६ अंशांच्या आसपास उभं केलं तर सात-आठ टक्के जास्त मिळतं. पॅनल मीटरभर लांबीचं असेल तर वरची कड एक वीत उचलली की झालं. बोल्ट मात्र पुन्हा आवळा. त्या ४५ अंशांचा दुसरा अर्थ असा, की ऐन दुपारीही झाडाची सावली झाडाएवढीच लांब पडते. उन्हाळ्यात पॅनलला न अडवणारा वीस फुटी साग डिसेंबरात वीस फुटांपर्यंत सावली टाकतो. पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी सगळी रांग मंदावते, कारण सेल एकामागे एक जोडलेले असतात. म्हणून दक्षिणेच्या फांद्या बघून घ्या. चुलीचं धुराडं पॅनलच्या वाऱ्याच्या अंगाला असेल तर काच काळवंडते. पुसायची ती सकाळी दव असतानाच, मऊ फडक्याने. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

हिशेब असा बसतो. सात वॅटचे चार दिवे पाच तास म्हणजे १४० वॅट-तास, दोन मोबाइल पंचवीस, तीस वॅटचा टीव्ही दोन तास साठ, मिळून सव्वादोनशे. शंभर वॅटचं पॅनल थंडीच्या स्वच्छ दिवशी, वायर-बॅटरीतली तूट धरून, तीनशेच्या आसपास देतं. पुरतं. तरीही दिवे नऊला विझत असतील तर आधी इन्व्हर्टर बघा. नुसता चालू ठेवलेला लहान इन्व्हर्टर ताशी दहा वॅटच्या आसपास खातो, चोवीस तासांचे २४० झाले, म्हणजे सगळ्या घराच्या वापराहून जास्त. टीव्ही बघून झाला की त्याचं बटण बंद, आणि दिवे थेट बारा व्होल्टवर. मग वायर बघा. पॅनल ते बॅटरी दहा मीटर अंतर आणि दीड चौरस मिलिमीटरची वायर असेल, तर पाच अँपिअरला सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. चार चौरस मिलिमीटरची घातली की अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. नवं पॅनल घेण्याआधी वायर बदलावी, ते स्वस्त पडतं.

पाण्याचं फार नाही. नळीने झऱ्याचं पाणी उतरवलं असेल तर तोंडाशी पावसाचा गाळ आणि पानं साचलेली असतात, ती काढावीत. धार बारीक झाली की नळीच्या उंचवट्यावर हवा धरते आणि झऱ्याला पाणी असूनही तोटी कोरडी राहते. त्या उंचवट्यावर टी (तीन तोंडांचा जोड) बसवून उभा तुकडा आणि झाकण ठेवावं, महिन्यातून दोनदा उघडून हवा सोडावी. काळ्या एक इंची नळीचं शंभर फुटी वेटोळं टिनावर उन्हात टाकलं तर त्यात पंधरा लिटरच्या आसपास पाणी मावतं आणि दुपारी दोन-तीनपर्यंत अंघोळीजोगं कोमट होतं. तेवढं सरपण वाचतं. संध्याकाळी वेटोळं रिकामं करावं, नाहीतर टिनासोबत तेही रात्री गारठतं. नाल्यावर वनराई बंधारा (माती भरलेल्या पोत्यांचा) घालायचा तोही आत्ताच, प्रवाह कमी झाल्यावर आणि आटण्याआधी. पोती दोनतृतीयांशच भरावीत. गच्च भरलेली पोती एकमेकांत बसत नाहीत, मधून पाणी जातं. भिंत रचताना सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत आणि पाण्याच्या अंगाला काळी माती थापावी.

धान्याबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे. कोदो (कोद्रा) हे भरडधान्य पिकताना किंवा खळ्यावर पावसात भिजलं असेल तर ते घरात घेऊ नये. त्यावर बुरशी धरते, तिच्यातल्या सायक्लोपायझोनिक ॲसिडमुळे गरगरतं, उलट्या होतात. कोदो ‘माततो’ असं जुने लोक म्हणतात ते हेच. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या बांधवगडला दहा हत्ती मेले, त्यांच्या तपासणीत हेच विष सापडलं. असा कोदो ढोरांनाही घालू नका. बाकीचं धान्य दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवून, खाली विटा किंवा फळी देऊन ठेवावं. गोधड्या दोन दिवस उलट-सुलट करून उन्हात, आणि खाटेवर झोपणाऱ्यांनी एक गोधडी अंगाखाली. खाटेच्या दोऱ्यांमधून खालून गारवा लागतो आणि वरच्या तीन गोधड्या वाया जातात. जमिनीवर झोपणाऱ्यांनी अंथरुणाखाली चार बोटं तणीस पसरावं आणि ते आठवड्याला उन्हात टाकावं.

आता मागण्या, आणि त्या मोठ्या नाहीत. सरकारी योजनेत वस्त्यांना सोलर संच दिले जातात, देखभालीचा करारही असतो. त्या करारातली एक भेट ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सक्तीची करावी, आणि भेटीच्या नोंदीत ‘संच सुरू आहे’ एवढं न लिहिता बॅटरीच्या सहाही घरांची ग्रॅव्हिटी लिहावी. त्या नोंदीवर गावातल्या कुणा एकाची सही घ्यावी. डिस्टिल्ड पाणी परतवाड्याहून घाट चढून आणावं लागतं. ते रेशन दुकानात किंवा ग्रामपंचायतीत ठेवलं तर पाच लिटरच्या एका कॅनमध्ये दोन घरांचं वर्ष निघतं. डोंगरातल्या घरकुलांच्या नकाशात वळचणीखालची दोन भोकं आणि धुराड्याची जागा छापील असावी, म्हणजे गवंड्याला ती विसरता येणार नाहीत. आणि आपल्या वर्तमानपत्राकडे विनंती अशी, की थंडीच्या लाटेची चौकट पौषात छापण्याऐवजी कार्तिकात छापा, आणि तिच्यात हीटरच्या ओळीसोबत शेगडीची ओळ घाला.

आपले,
सोलर दुरुस्ती आणि घरबांधणीची कामं करणारे दोन वाचक
ता. चिखलदरा, जि. अमरावती